स्टार्टअपच्या यादीतली सहावी ओळ

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

बोरी अरबहून सकाळची यष्टी पकडली आणि साडेदहाला दिग्रसला उतरले. अब्बा गॅरेज बंद ठेवून सोबत यायचा हट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, नोकरीला मी लागले, तुम्ही नाही. शब्बीर मामू स्टँडवर सायकल घेऊन उभे होते. माझी पेटी कॅरिअरला बांधली आणि रस्ताभर दिसेल त्याला सांगत सुटले की आपली भाची, माहनूर, आता जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसणार.

जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, गावाबाहेर आहे. रुईचे तंतू हवेत उडतात, भुवयांवर बसतात. माझी केबिन काचेची, समोरच प्रेस. प्रेस म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढी लोखंडी पेटी. तीत मोकळी रुई भरायची, वरून दाब येतो आणि पट्ट्या आवळलेली गाठ निघते. हे यंत्र माझ्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. मी वजन टिपायचं, गाठीला नंबर द्यायचा. प्रेसवाले उत्तमसिंग काका मला बेटा म्हणतात. यंदा भाव पडल्यामुळे फाटकावर गाड्या कमी आहेत म्हणे. मला तरी फार छान वाटलं आज.

८ नोव्हेंबर

कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलं. लोडशेडिंगमुळे दिवसातून तीनदा वीज जाते आणि परत आली की तो आपोआप चालू होतो. चालू होताच गाण्यांचं, पत्त्यांच्या खेळाचं, कॅलेंडरचं, असं सगळं न बोलावता उघडतं. आणि दर वेळी प्रेससुद्धा स्वतःहून एक दाब घेते.

त्या पहिल्या दाबाची गाठ इतरांपेक्षा साठ किलो जड भरते. मी विचारलं, तर काका म्हणाले की नेहमीचे एकशे सत्तर किलोच लिही. ती गाठ ते स्वतः ढकलत मागच्या शेडमध्ये नेतात. खाली ओला माग राहतो.

९ नोव्हेंबर

आज रनमध्ये जाऊन एमएसकॉन्फिग टाइप केलं आणि स्टार्टअपची, म्हणजे सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामची, यादी उघडली. सहा ओळी. पाच ओळींच्या टिक काढल्या. सहावीचं नाव होतं ‘प्रेस-एक’. तिच्यावर माऊस नेला तेवढ्यात काकांनी मागून माझं मनगट धरलं. म्हणाले, तिले हात लावू नोको. वीज आल्याबरोबर प्रेस लागावी, मिनिट वाया जाऊ नये, म्हणून मॅनेजरनं तो प्रोग्राम बसवून घेतला आहे. मी राहू दिलं. कॉम्प्युटर आता तीन मिनिटांत उघडतो.

जेवायला कांताबाईसोबत बसले. त्या जिनमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, कापूस टाकतात. माझ्या खुर्चीवर आधी त्यांचा मुलगा भीमराज बसायचा. मार्चमध्ये गेला. ट्रकनं उडवलं असं मॅनेजरनं सांगितलं. मढं कापडात शिवून आणलं होतं, उघडू दिलं नाही. मायले तोंड पाहू देल्लं नाही, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या आणि मला आपल्या डब्यातली मिरचीची भाजी वाढली.

१३ नोव्हेंबर

सकाळी वीज आली, प्रेसनं दाब घेतला आणि बाहेर येता येता त्या गाठीची पट्टी तुटली. रुई उलगडली. आत माणूस होता. हात कोपरातून उलटा, मनगटावर घड्याळ, चेहरा छातीत दाबलेला. रक्त माझ्या चपलांपर्यंत आलं. काकांनी अंगावरचा दुपट्टा टाकून ते झाकलं. पुन्हा दुपट्टा उचलला तेव्हा खाली नुसती रुई होती, पांढरी, कोरडी.

काका जमिनीवर बसले आणि सगळं बोलले. मार्चमध्ये वीज गेली असताना पेटीत रुई अडकली. भीमराज आत उतरला. काका कॉम्प्युटरची भिंतीतली पिन काढायला निघाले, तर मॅनेजर म्हणाला, तासभर काही वीज येत नाही. ती चार मिनिटांत आली. दोघांनी मिळून त्याला कापडात शिवलं आणि ट्रकची गोष्ट रचली. यंदा हंगाम सुरू झाल्यापासून कॉम्प्युटर चालू झाला की भीमराज पेटीत असतो. दार ठोकतो, काका, उघडा म्हणतो, आणि दाब येतो. दिवसातून तीनदा.

मग टिक का काढली नाही, मी विचारलं. काका म्हणाले, दाबला नाही तर तो बाहेर येईल ना, बेटा.

कांताबाईंना मी संध्याकाळी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्या रडल्या नाहीत. रोज तीनदा काय वो, असं विचारलं फक्त.

१४ नोव्हेंबर

सहाव्या ओळीची टिक काढली. एक माणूस रोज तीनदा मारला जातो आणि मी वजन लिहिते, हे माझ्याच्यानं होईना.

दहा चाळीसला वीज आली. दाब आला नाही. पेटीचं दार आतून उघडलं. तो बाहेर आला. एक बाजू चपटी, पाय मागे वळलेले, तरी भरभर चालला. मॅनेजर फोनवर बोलत उभा होता. भीमराजनं त्याची मान धरली आणि त्याचा हात जिनमध्ये घातला. हात खांद्यापर्यंत गेला, मग मान. किंचाळी फार वेळ चालली. पट्ट्यावरून लाल रुई येत राहिली.

पोलीस अपघात लिहून गेले.

१५ नोव्हेंबर

उत्तमसिंग काका. भीमराजनं गाठीच्या लोखंडी पट्ट्या त्यांच्याच छातीभोवती आवळल्या. फासळ्या मोडताना मोजता येत होत्या. मला वाटतं ते मला हाक मारत होते.

मालकानं तरीही जिनिंग चालू ठेवली आहे. मागच्या शेडमध्ये कांताबाई भीमराजला लपवून भाकर भरवतात. म्हणाल्या, “मायं लेकरू घरी आलं, पोरी. ते टिक लावू नोको.” मी हो म्हटलं. दोघांचाही हिशेब चुकता झाला, आता थांबेल, असं वाटलं.

१६ नोव्हेंबर

थांबला नाही. भुरीबाई. ती दिवाळीनंतर कामाला आलेली, मार्चमध्ये इथे नव्हतीच. त्यानं पाय धरून तिला खांबावर आपटलं. एकदा, दोनदा — डोकं —

कांताबाई मध्ये पडल्या. त्यानं त्यांनाही ढकललं. ओळखलंच नाही.

१७ नोव्हेंबर

फाटक कालपासून बंद. त्यानं साखळी घातली आहे. मागच्या भिंतीपाशी सात बाया कोंडल्यात. खिडकीतून रस्त्यावर दगड मारला तरी कोणी येत —

मी टिक लावली. सहावी ओळ. लगेच वीज गेली. आता वीज येईल तेव्हा तो पेटीत हवा, नाहीतर दाब नुसताच —

कांताबाईंना सांगितलं. भुरीबाईचं मढं अजून तिथेच आहे. त्यांनी त्या मढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भीमराजजवळ गेल्या. त्याचा तो मोडका हात धरला. “चाल बापा, आत बसू,” म्हणाल्या. आणि तो गेला. लहान पोरासारखा.

त्याही आत गेल्या. मी ओरडले, बाहेर या. म्हणाल्या, त्याले एकट्याले भेव लागते. दार आतून ओढून घेतलं.

वीज आली.

कॉम्प्युटर उघडतोय. तीन मिनिटं. पेटीच्या दाराचं कुलूप आपोआप बसलं, बाहेरून निघत नाही — ओढून पाहिलं, नख उखडलं — टिक काढायला पडदा अजून काळाच —

कॉम्प्युटरची पिन माझ्या हातात. ओढली तर तो बाहेर, आणि त्या सात जणी — नाही ओढली तर —

लिहितेय कारण हात थांबत —

पडदा निळा झाला, आता दाब येणार. आतून दार ठोकतंय कोणी. तो नाही. बाईचा आवाज. कांताबाई म्हणतात, हा मायं लेकरू नोय, पोरी, उघड, यानं मायं नरडं —