दुखतोय हात, बघतोय दात

अणदूर,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राजेश्वरीस अक्काचा आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल, माझी बोटं सोडून. सकाळी तर लाकडावानी ताठ. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

सूनबाई शिवलीला मला तुळजापूरला डॉक्टरकडं घेऊन गेली. रक्त तपासलं, आमवात निघाला. ते असू दे. पण बाई गं, पुढं काय म्हणावं त्यानं? "आजी, तोंड उघडा." दुखतोय हात अन् बघतोय दात! हिरड्यांतनं पू येतोय, म्हणं. काहींच्यात त्यातले जंतू रक्ताला चिथावत्यात, अन् रक्त आपल्याच सांध्यांवर उठतं. सांध्याच्या गोळ्या चालूच ठेवा, पण दातवाल्याकडं जा अन् मिश्री बंद करा. मला वाटलं, दातवाला ह्याचा मेव्हणा असंल.

अन् मी मिश्री लावते हे त्याला सांगितलं कुणी? शिवलीलानंच. हिरडी सुजली की आणखी घासायची, आपल्या आईनं असंच शिकवलं ना? ही लग्न होऊन आल्यापासून माझ्या डबीवर डोळा ठेवून हाय. बोटंबी त्याच वर्षी आखडली. चहात काय घालती, देव जाणे. आता मी आधी तिलाच एक घोट प्यायला लावते. ती हसत पिती. तेच मला खटकतं.

एक गोष्ट मगापासनं टाळतेय. परवा पूजेला गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं अन् बोटं मिटंनात. लिंग पडलं. राजू, देह पडला तरी लिंग पडू नये म्हणत्यात, अन् ते माझ्या हातनं पडलं! लई रडले गं. दाराशी शिवलीला उभी होती. तिनं बघितलं, पण कुणाला बोलली न्हाय, सोमेशलाबी न्हाय. नवऱ्यापासनं लपवती म्हंजे राखून ठेवलंय, वेळ आली की काढंल, असं मला वाटलं. शेवटी मीच विचारलं, "का गप बसलीस?"

"सांगून काय करू, आत्या? उद्या पडू नये ते बघू."

तवापासनं पूजेला माझ्या हाताखाली तिचा हात असतो. नजर लिंगावर ठरवायची, तर माझी जाती तिच्या तोंडावर. परक्याची लेक, कवा हात काढंल काय भरवसा?

गुरुवारी दातवाल्याकडं नेणार हाय. जाते. संशय गेला असं समजू नकोस. पण आज पूजेत तिच्या माहेरचा फोन वाजला, ती उठाय लागली, अन् माझ्याच तोंडातनं निघालं, "थांब गं लेकी, हात काढू नको."

तिनं काढला न्हाय.

तुझी अक्का,
शरणम्मा