एका सदस्याचा गट

सोमवार, ३ तारीख

पुलाच्या तिसऱ्या गाळ्याच्या तुळईतली भेग आज ३.४ मिलिमीटर. मागच्या सोमवारी २.८ होती. वेग वाढतोय. बाबा या पुलावरून रोज दोनदा जातात — सायकलने, मागे शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे. त्यांच्यासारखी अजून नऊशे माणसं.

निवडून आले तेव्हा वाटलं होतं, आता अर्ज लिहायला नकोत, सभागृहात नुसतं बोलायचं. पण बोलायला वेळ गटाला मिळतो, सदस्याला नाही. मी अपक्ष. मला गटच नाही.

मंगळवार, ४

गटविभागाचे कारकून निवृत्तीला टेकलेत. नियमपुस्तिका तोंडपाठ. म्हणाले, ताई, गटात किमान किती माणसं हवीत हे कुठेच लिहिलेलं नाही, काढा की एक. काढला. सदस्यसंख्या एक. मग कळलं, गटाला नेता लागतो. सदस्यांना शिस्त लावायला प्रतोदही लागतो.

संध्याकाळपर्यंत दारावर तीन पाट्या. खोली तीन मीटर बाय सव्वादोन. तिन्ही पाट्यांवर माझंच नाव. टपाल तीन पाकिटांतून येतं, मजकूर एकच.

गुरुवार, ६

गटाची पहिली बैठक. प्रतोदाने सदस्याला नोटीस दिली, सदस्याने ‘मिळाली’ म्हणून सही केली. कारकून निरीक्षक. पूल तातडीने बंद करावा, हा ठराव एकमताने मंजूर. चर्चा झाली का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मनात झाली. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं — ‘सविस्तर चर्चेअंती’.

शुक्रवार, ७

बोलायला एक मिनिट चाळीस सेकंद. भेगेपर्यंत पोचले आणि घंटा! बांधकाममंत्री उत्तराला उठले. म्हणाले, पूल आजोबांच्या वयाचा आहे आणि सुरकुत्या आजोबांनाही असतात. सभागृह हसलं. त्यांना उत्तराला अकरा मिनिटं मिळाली. त्यातली नऊ आजोबांवर गेली.

रविवार, ९

घरी गेले. बाबांना म्हटलं, थोडे दिवस वळशाने जा.

“सहा किलोमीटर जास्त. सायकल तू मारणार का?”

मग म्हणाले, मी तुझ्या आधीपासून ओळखतो त्या पुलाला. आई म्हणाली, ते माझं ऐकत नाहीत, तू तर कालची.

परतताना भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. तुळई हलली तर काच तडकेल.

सोमवार, १०

काच तडकली.

मंगळवार, ११

बांधकाममंत्र्यांनी बोलावलं. चहा दिला, न विचारता दोन चमचे साखर घालून. सरकारला एक मत कमी पडतंय. म्हणाले, “तुमचा गट आमच्यात विलीन करा, पूल बंद करायचा आदेश तासाभरात काढतो.” आणि नाही केला तर? मग समिती नेमावी लागेल. समिती म्हणजे सहा महिने कुठे गेले नाहीत.

प्रचारात मी एकच वाक्य बोलले होते — मी कुणाच्या दावणीला बांधलेली नाही. लोकांनी त्यावरच मतं दिली. भेगेला ते वाक्य ठाऊक नाही.

आज माप ३.९.

बुधवार, १२

विलीन करायचं ठरवलं. त्याला गटाच्या दोन-तृतीयांश मतांची मंजुरी लागते. एकाचे दोन-तृतीयांश म्हणजे ०.६७. कारकुनांना विचारलं, हे कसं बसवायचं. त्यांनी पान उलटलं. गटाच्या बैठकीत मतदान पदनिहाय होतं : नेत्याचं एक, प्रतोदाचं एक, सदस्याचं एक. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण एवढा छोटा गट कुणी काढलाच नव्हता.

“तिघांनी एकसारखंच मत द्यावं असं काही नियमात नाही,” ते पंख्याकडे बघत म्हणाले.

मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

नेता — बाजूने. प्रतोद — बाजूने. सदस्य — विरोधात. दोन विरुद्ध एक. बरोब्बर दोन-तृतीयांश! गट विलीन. पण गटाच्या निर्णयाला विरोध ही बेशिस्त. म्हणून प्रतोदाने सदस्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. मग विलीनीकरणाचा कागद वर गेला.

“काढलेला सदस्य विलीन होत नाही, ताई.”

तिन्ही सह्या माझ्या. सदस्याची मी सगळ्यात शेवटी केली.

गुरुवार, १३

मंत्र्यांनी विलीनीकरणाचा कागद बघितला, इतिवृत्त बघितलं नाही. सकाळी सहाला पूल बंद. दोन्ही टोकांना पिंपं आणि आडवा बांबू.

सभागृहात सरकारच्या बाकावर माझ्या गटाची पाटी, मागे रिकामी खुर्ची. मी समोर, जुन्या जागी. गट सत्तेत जाऊन बसला, मी बसले नाही. मंत्र्यांनी त्यांच्या बाजूची डोकी तीनदा मोजली.

दुपारी त्यांचा फोन. फसवलंत म्हणाले. म्हटलं, इतिवृत्त सोबत जोडलंय. ते शांतपणे म्हणाले, मग आमचाही आदेश ऐका — पूल शनिवारी सकाळी आठला खुला.

रात्री बाबांचा फोन. तुझ्या बांबूपायी दोन गिऱ्हाईकं गेली.

शुक्रवार, १४

माप ४.६. मंत्र्यांना लेखी कळवलं. पोच मिळाली, उत्तर नाही. बाबांना पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, सरकारने उघडलाय म्हणजे तपासूनच ना.

कारकुनांना विचारलं, अजून एखादा नियम? त्यांनी पुस्तिका मिटली. ती मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

शनिवार, १५

सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तिसरा गाळा नदीत गेला. पुलावर कुणी नव्हतं. बांबू आठला निघणार होता.

रांगेत पहिले बाबा होते.