ठमीच्या निवडी

सोमवार, ३ तारीख
नवं शहर, नवी खोली, नवी नोकरी! राक्षसांच्या झुंजीच्या व्हिडिओ गेममध्ये राक्षसांची क्रमवारी लावायचं काम. आई फोनवर म्हणाली, म्हणजे घरी नातेवाइकांची लावायचीस तेच, फक्त आता पगारी. दोनशे बारा राक्षस आणि चार श्रेण्या: सम्राट, सरदार, शिपाई, अडगळ. आठवड्यात खेळाडूंनी कोणाला किती वेळा निवडलं ते पाहायचं. निवडी वाढल्या की वरची श्रेणी, घटल्या की खालची. अडगळीतूनही घसरला तो खेळातून कायमचा बाद. माझं टेबल खिडकीशी आहे. शेजारची खुर्ची रिकामीच असते.

शुक्रवार, ७
यादी दर शुक्रवारी दुपारी बाराला लागते; आज माझी पहिली लागली. तक्ता बेरीज नीट करतो का ते पाहायला मी एक खोटी ओळ घातली होती: ठमी, निवडी वीस. आईनं ठेवलेलं माझं घरचं नाव. ती खोडायचीच राहिली, आणि लागलेली यादी बदलता येत नाही. साहेब म्हणाले, राहू दे, ठमीला कोण विचारतंय. सध्या बाईसाहेब सरदारांत बसल्या आहेत.

शुक्रवार, १४
ठमीपुढे नवा आकडा: अकरा. असा राक्षसच नाही, मग निवडला कोणी? विसाचे अकरा झाले म्हणून ती शिपायांत गेली. जेवताना सहज बोटं मोजली. आठवडाभरात मला आपणहून नावानं हाक कोणी मारली? आईनं फोनवर सातदा, साहेबांनी तीनदा, पहारेकऱ्यानं एकदा. अकरा. डबा तसाच बंद केला.

मंगळवार, १८
सगळ्यांशी गोड बोलते आहे. चित्रकार बाईंकडे उगाच दोनदा जाऊन आले. त्या छान हसल्या, पण नाव काही घेतलं नाही. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २१
चार. चारही हाका आईच्या. ठमी अडगळीत.
माझ्या कार्डानं दार उघडलं नाही. मागच्या माणसासाठी उघडलं, तेव्हा आत शिरले. साहेबांनी त्यांचा कोट माझ्या खुर्चीवर टाकला. मी खुर्चीत बसले होते.

बुधवार, २६
आईचा फोन नाही. मीच केला. आपण कोण बोलताय, तिनं विचारलं. ठमी म्हटलं. ती म्हणाली, बाई, नंबर चुकला असेल, आम्हाला मूलबाळ नाही. पण फोन लगेच ठेवला नाही. कशाची तरी वाट पाहिल्यासारखी थांबली.

शुक्रवार, २८. बाराला पाच कमी
शून्य.
फोन वाजतोय— आईचा. परवा कोण बोललं, विचारतेय— झोप लागली नाही म्हणते—
मी ओरडतेय. तिला ऐकू येत नाही—
नाव काय ते, अगदी तोंडावर आहे म्हणते— रडतेय— ठ पासून काहीतरी—
आई, म्हण ना. एकदाच. ठ