उघडताच दिसणारं तेलुगू पान

आई, गेल्या महिन्यात या घरात कोणीतरी माझ्या नकळत हात घातला, असं मला वाटलं. तू असतीस तर आधी तुलाच सांगितलं असतं. अशा गोष्टीचा माग काढायला तुला फार आवडायचं. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पुढे पोरगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर चंद्रपूरच्या या घरात ठेवून गेला. त्यावर इंटरनेट उघडलं की एक ठरलेलं पान आपोआप समोर येतं, होमपेज म्हणतात त्याला. मी तिथे मराठी पेपर लावला होता. रिटायर झाल्यापासून सकाळी चहा घेऊन बसायचं, उघडायचं, की बातम्या हजर. त्या दिवशी उघडलं तर पडदाभर गोल गोल अक्षरं. तेलुगू. एक शब्द कळेना.

मी घाबरलो. हल्ली कोणीही कुठेतरी बसून माणसाच्या घरात शिरतं म्हणे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, हे आपोआप नाई होत. कोणीतरी सेटिंगमधी जाऊन बदलवलं. घरी कोण कोण राह्यते?" म्हटलं, आम्ही दोघंच. तो हसला. मला ते हसणं खटकलं. मागे तोच तर येऊन बराच वेळ कॉम्प्युटरपुढे बसला होता, काय काय करून गेला कोणाला ठाऊक! तरी त्यालाच विचारत विचारत मी मराठी पेपर परत लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलुगू. तुझी सून पोळ्या लाटत होती. विचारलं, "तू काही केलं का त्याच्यावर?" मान वर न करता ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं?" तिचं माहेर सिरोंच्याचं, तेलुगू तिची घरची भाषा, हे मला तेव्हा आठवलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण आठवल्यावर बरं वाटायच्या ऐवजी संशय वाढला. हिच्याशी कोण बोलतं? हिला हे कोण शिकवतं? आणि माझ्यापासून लपवायचं काऊन?

ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं तुला? आमचं लग्न नवीन आहे. तिची बहीण आलेली आहे, दोघी गॅसपाशी उभ्या राहून बोलताहेत, मधेच एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसताहेत. मी ड्यूटीवरून येऊन बूट काढतोय. तू आतून येतेस आणि कुकरचं झाकण ओट्यावर आपटतेस. "माह्या घरात समजन अशा भाषेत बोलाचं. समजत नाई म्हंजे माह्याबद्दलच बोलून राह्यल्या." बहीण खांद्यावरचा हात काढून घेते. बायको माझ्याकडे बघते. मी बूट सरळ लावून ठेवतो. तुला मी दोष देत नाही. बाबा गेल्यावर त्या कॉलनीत तू एकटी पडलीस, नळावर तू आलीस की बायका बोलणं थांबवायच्या, हे मी पाहिलेलं आहे. आणि हिला टायफॉइड झाला तेव्हा तूच तिच्या उशाशी बसून तिला पेज पाजलीस, हेही पाहिलं आहे. पण त्या दिवसानंतर तिची भाषा घरात ऐकू आली नाही. मला वाटलं, विसरली असेल. सोयीचं होतं तसं वाटणं.

शेवटी मी तुझ्यासारखंच केलं. दुपारी पिशवी घेतली, "बाजारात जाऊन येतो" म्हटलं, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या दाराने परत आलो. ती कॉम्प्युटरपुढे बसलेली, चष्मा नाकावर, एकेका ओळीवरून बोट फिरवत हळू आवाजात वाचत होती. अडखळत, लहान पोरीसारखी. मी मागून म्हटलं, "चोरून काऊन वाचून राह्यली?"

ती दचकली, पण उठली नाही. "चोरून कायचं? माह्याच घरात बसली आहो."

"मग विचारलं तवा खोटं काऊन बोलली?"

"तुमी विचारलं कसं ते आठवा. पोलिसानं विचाराव तसं." मग म्हणाली, "बहिणीच्या पोरीनं फोनवर सांगतलं कसं लावाचं ते. उघडलं का समोर तेच दिसाव. शोधत बसलं का तुमी येता, काय शोधून राह्यली म्हून विचारता."

"सांगतलं असतं तर मी नाई म्हटलं असतं काय?"

"आईले आवडत नवतं."

"आईले जाऊन किती वर्षं झाली!"

"तुमी तर हाये ना," ती म्हणाली.

आई, हातातली रिकामी पिशवी तिला दिसली होती. बाजारात गेलोच नव्हतो हेही तिला कळलं होतं. ती उठून चहा ठेवायला गेली. मी खुर्चीत बसलो, त्या अक्षरांकडे बघत राहिलो, आणि सेटिंग तशीच ठेवली. आता मराठी पेपर मी वेगळा शोधून उघडतो. परवा तिच्या बहिणीचा फोन आला तेव्हा ती हॉलमध्ये माझ्यासमोर बसून तेलुगूत मोकळी बोलली. मी टीव्हीचा आवाज कमी केला. तिला वाटलं, तिला फोनवर नीट ऐकू यावं म्हणून; माझे कान तिच्या बोलण्याकडे होते.

हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडणार? पण एक गोष्ट आहे, जी तिला सांगायची माझी हिंमत नाही आणि तू ऐकलीस तर समजून घेशील. ती देवळात गेली की मी तेच पान उघडतो, मराठीत कर असं बटण असतं ते दाबतो, आणि ती काय वाचते ते वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. गोदावरीचं पाणी, मिरचीचे भाव, कुठल्याशा सिनेमाची नटी. माझ्याबद्दल काहीच नसतं. तरी उद्या पुन्हा बघेन.