मंगळावर नगरच्या दोन जागा

३ एप्रिल १९४९, रविवार

ठरलं. मी मंगळावर जाणार.

आजच्या वर्तमानपत्रात आलंय. चंद्रावर वस्ती होऊन तीन वर्षं झाली, तिथे आता मेथीसुद्धा उगवते म्हणतात. आता पाळी मंगळाची. आपल्या देशाच्या पहिल्या यानात चाळीस माणसं, आणि त्यातल्या दोन जागा एकट्या नगर जिल्ह्याला. पुण्याला एकही नाही! वाचून मी खुर्चीतून उठलोच. कारण खाली बारीक टाइपात होतं: मंगळावर पाण्याची टंचाई असल्याने दुष्काळी मुलखातल्या माणसांना प्राधान्य. ते वरवरचं. खरं कारण नगरच्या माणसाची बुद्धी.

दोन जागा म्हणजे मी आणि ही. सरकारला माझं घर माहीत असल्यासारखं. एकदा गेलं की परत यायचं नाही, कायम तिकडेच राहायचं, अशी अट आहे. मला मंजूर. जिल्हा कचेरीत एकोणीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय. मंगळावर पहिल्या दिवसापासून दफ्तर नीट लागलं पाहिजे, नाहीतर शंभर वर्षांनी कुणाला काही सापडायचं नाही. हे काम दुसरं कोण करणार?

चर्चहून आल्यावर दीनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, उद्या नळ येणार नाही, एक घागर भरून ठेवाल का? बायकोला भव्य काही दिसतच नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. डंबेल्स. श्वास रोखण्याचा सराव. चहा बंद.

४ एप्रिल

साडेसातला उठलो, पहिला दिवस म्हणून. चहा घेतला. एकदम सोडणं हृदयाला बरं नाही.

घागर भरायची राहिली. हिने कुठूनसं भागवलं.

६ एप्रिल, संध्याकाळ

फॉर्म आणले. लग्न झालेल्यांना नवरा-बायको दोघांचे अर्ज लागतात. माझा सहा पानांचा झाला, वर जादा कागद जोडले. हस्ताक्षर बघून समिती थक्क होणार.

हिचाही फॉर्म मीच भरला. आमच्यात तीच पद्धत आहे. शिक्षण: मराठी सातवी. धंदा: घरकाम. 'विशेष अनुभव' या रकान्यापाशी अडलो. हिला कसला आलाय अनुभव? पण कोरा रकाना ठेवून कागद पुढे जाऊ देणं माझ्याच्याने होत नाही. कचेरीत साहेबांचे राहिलेले रकानेही मीच भरतो. मग रोज डोळ्यांसमोर जे दिसतं तेच लिहिलं. माहेर पाथर्डीकडचं. दोन माणसांचं घर दिवसाला दीड घागरीत चालवते. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं भांड्यांना, भांड्यांचं निवळून दुधीच्या वेलाला. वेलाला गेल्या उन्हाळ्यात सतरा दुधी लागले, ते सर्व नवऱ्याला खावे लागले.

शेवटचं वाक्य तक्रारीचं झालं. पण खोडलं तर कागद घाण दिसतो. राहू दिलं.

२२ एप्रिल

श्वास रोखण्यात आज एकशेदहापर्यंत मजल. ही म्हणाली, तुम्ही फार भरभर मोजता. घड्याळ लावून पाहिलं तर एकोणतीस सेकंद. घड्याळ दुरुस्तीला टाकलं पाहिजे.

९ मे

कॉल आला! दोघांनाही. भिंगारच्या कॅम्पात तंबूत राहून पंधरा दिवस परीक्षा. कचेरीत सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, आणि नाही झालं तर? मी नुसता हसलो. खिडकीजवळची माझी खुर्ची कुणालाही द्या, असंही सांगून टाकलं.

१६ मे, भिंगार

शेजारच्या तंबूत बन्सी नावाचा इसम. घोडेगावच्या बाजारात शेळ्यांची दलाली करतो. सहीच्या जागी अंगठा. याला कुणी बोलावलं? तर म्हणे, मंगळावर शेळ्या न्यायच्यात. मला त्याची दया आली. सिलेक्शन न झाल्यावर बिचारा कोणत्या तोंडाने गावी जाईल?

आज फिरत्या खुर्चीची टेस्ट. यान हलतं म्हणून माणसाला आधी गरगर फिरवून बघतात. बन्सी उतरून म्हणाला, ह्याच्यापरीस आमची बैलगाडी लई हालती. ही उतरली, पदर सारखा केला आणि चालू लागली. मी उतरल्यावर काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. नाश्त्याची भजी शिळी होती.

१८ मे

पाण्याची परीक्षा सुरू. माणशी दिवसाला तीन तांबे. पिणं, रांधणं, धुणं, अंघोळ, सगळं त्यात. दहा दिवस. निवड समितीच्या प्रमुख डॉक्टर विजयाबाई सकाळी स्वतः मोजून देतात आणि संध्याकाळी उरलेलं मोजून बघतात. मी शास्त्रीय वेळापत्रक आखलंय, लाल-निळ्या शाईत.

दुपारी १२: पाणी संपलं. सकाळी दाढी केली होती. उद्या मंगळावर नगरचं नाव सांगायचं, ते गबाळ्या तोंडाने?

२१ मे

हिच्या वाटणीतला एक तांब्या घेतला. हा नियमभंग नाही, नवरा-बायको म्हणजे एकच कुटुंब. तिने तांब्या पुढे केला. तरी संध्याकाळी तिचं थोडं उरलंच. कसं करते कोण जाणे.

बन्सी कनातीपलीकडून म्हणाला, सायेब, तुमी पानी पीत न्हाई, उधळता. बाईंकडं बगा जरा. मी उत्तर दिलं नाही. अशा माणसांशी बोलण्यात तोंड कोरडं पडतं, आणि ते सध्या परवडत नाही.

२३ मे

विजयाबाईंनी हिला विचारलं, रोजच्यापेक्षा कमी का उरतंय? ही म्हणाली, हातून सांडलं. दर रविवारी चर्चला जाणारी बाई, माझ्यासाठी सरळ खोटं बोलली. विजयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वेळापत्रक बघत होतो.

वाईट वाटलं. उद्यापासून मागायचं नाही.

२४ मे

अर्धाच तांब्या घेतला.

२८ मे

परीक्षा संपली. शेवटी तोंडी. मंगळावर काय कराल, असं मला विचारलं. वीस मिनिटं बोललो, त्यांनी घंटा वाजवली म्हणून थांबलो. हिला तेच विचारलं तर म्हणाली, पडेल ते. झालं! हिच्यापायी माझं सिलेक्शन अडकू नये म्हणजे मिळवली.

११ जून

कॅम्पाच्या फाटकावर यादी लागली. नगर जिल्हा: बन्सी, आणि 'दीना शांतवन भिंगारदिवे'. माझं नाव आहे! फक्त पुढे चुकून हिचं लागलंय. टायपिस्टचं काम. सोमवारी जाऊन दुरुस्त करून घेतो.

१३ जून

दुरुस्ती होणार नाही.

विजयाबाईंनी बसवलं, चहा दिला. माझा अर्ज त्यांनी पूर्ण वाचला होता. अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. पण निवड हिचीच. हिच्या फॉर्मवरचा 'विशेष अनुभव' त्यांनी समितीत मोठ्याने वाचून दाखवला, आणि दुधी ऐकून सगळ्यांचं एकमत झालं. असा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कुणीच लिहिला नव्हता म्हणाल्या. लिहिला होता मी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन सांगितलं. हिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, मी कशाला जाऊ एवढ्या लांब? तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, माझ्या म्हणण्याचा प्रश्न येतो कुठे, ही देशाची बाब आहे. मला वाटलं, ती रडेल आणि विषय मिटेल. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी डंबेल्स शोधायला गेलो.

१९ जून

नवा प्लॅन. आधी ती जाऊन जम बसवेल, पुढच्या यानाने मी. कर्त्या माणसाने मागाहूनच जायचं असतं. कचेरीत सांगितलं की मीच तिला पुढे पाठवतोय. खुर्चीचा विषय मी काढला नाही.

२ जुलै

शेवटचा कागद आला, पतीचं संमतिपत्र. 'हरकत असल्यास नमूद करावी' असा एकच रकाना, खाली दोघांच्या सह्या. पाच तारखेला कॅम्पात पोचवायचा. ही म्हणाली, आधी तुम्ही लिहा, मग मी सही करते.

जेवताना तिने विचारलं, मी गेले तर तुमचं काय होईल हो? मी म्हटलं, अख्ख्या जिल्ह्याचं रेकॉर्ड सांभाळलंय, एक माणूस नाही सांभाळता येणार? तिने ताट उचललं. जेवण अर्धं होतं तिचं.

४ जुलै

कागद टेबलावरच आहे. ती झाडताना त्याच्यावरून हळूच फडकं फिरवते, उचलत नाही. आज दिवसभरात माझ्याशी पाच-सहा शब्द बोलली असेल. मलाही जेवण जात नाही. पित्त असावं.

५ जुलै

मनात बरंच होतं. पण ते कार्यालयीन भाषेत बसेना. 'माझी भाकरी कोण करणार' असं सरकारला लिहायचं? 'हिच्याशिवाय मला' असं सुरू केलं कच्च्या कागदावर, पुढे सुचेना. साडेचार वाजले. कॅम्पाची कचेरी पाचला बंद. कोरा रकाना बघवेना. 'हरकत नाही' लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग सही केली आणि दळण आणायला निघून गेली.

झोप नीट होत नाही. ढेकूण झालेत.

१७ ऑगस्ट

यान गेलं.

भिंगारपलीकडच्या माळावर ही गर्दी! दोरीपाशी शिपायाने अडवलं, आपण कोण म्हणून. मी म्हटलं, दीनाबाईंचे मिस्टर. त्याने लगेच सोडलं, सलामही केला. आयुष्यात मला कुणी सलाम केला नव्हता. आनंद झाला नाही.

बन्सी अकरा शेळ्या घेऊन आला होता. म्हणाला, सायेब, घोर करू नगा, आमी हाय बाईंच्या संगं. तोच तर घोर आहे, असं म्हणणार होतो, पण त्याचे डोळे भरले होते.

मी भाषण पाठ केलं होतं. ही जवळ आली. म्हणाली, डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, तिखट खालच्या. मी म्हटलं, बरं. ती थोडी थांबली. मी पुन्हा म्हटलं, बरं. तेवढ्यात भोंगा झाला.

जमीन हादरली. लोकांनी टोप्या उडवल्या. माझ्या हातात तिची पिशवी राहिली होती, रिकामीच.

३ सप्टेंबर

पुढचं यान दीड वर्षाने. संकल्प: डंबेल्स, श्वास, आणि स्वयंपाक शिकणे. खिचडी करपली. शेजारच्या झुंबरबाईंनी वाटीभर कालवण दिलं आणि जाताना म्हणाल्या, एवढी गुणाची बाई, तुमी जाऊ कशी दिली वो? मी म्हटलं, देशकार्य. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, समजलं नाही.

दुधीचा वेल गेला. पाणी मी घालत होतो. बहुधा जास्त झालं.

९ ऑक्टोबर

पुढच्या यानाबद्दल पत्राचं उत्तर आलं. वयाची मर्यादा चाळीस. मला एक्केचाळीस पूर्ण. शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख चुकली आहे, असा अर्ज करणार. दाखला मी स्वतः लिहिलेला नाही, एवढा मुद्दा भक्कम आहे.

कचेरीत खुर्ची परत मागितली. जिन्याखालची मिळाली. तिथे उजेड कमी, पण डोळ्यांना थंडावा.

२० नोव्हेंबर

यान सुखरूप उतरलं! रेडिओवर नावं वाचली. झुंबरबाईंना ऐकायला बोलावलं होतं. हिचं नाव आलं तेव्हा त्या रडल्या. मी आवाज मोठा करत होतो.

पुढच्या महिन्यात कुटुंबीयांना भिंगारच्या यंत्रावरून एकेक मिनिट बोलायला मिळणार. तयारीला लागलो.

११ डिसेंबर, रविवार

बोलणं झालं. क्रमाने लिहून ठेवतो.

विजयाबाईंनी आधी समजावलं. आपला आवाज तिथे पोचायला अकरा मिनिटं, तिकडचा यायला अकरा. म्हणजे संवाद असा नाहीच. यंत्रावरचा दिवा लागला की तो विझेपर्यंत आपण आपलं मिनिट बोलायचं, मग ती तिचं बोलणार. त्यानंतर कित्येक महिने काही नाही, पुढची पाळी देशभराची कुटुंबं संपल्यावर.

माझी वीस पानं लिहून झाली होती, त्यातला मिनिटाचा मजकूर निवडला होता. पण दिवा लागला आणि कागदावरचं दिसेना. तोंडाला आलं ते सुरू केलं. मी, शांतवन येशुदास भिंगारदिवे, वय वर्षे एक्केचाळीस, धंदा नोकरी, राहणार नगर, आज दिनांक अकरा डिसेंबर एकोणीसशे एकोणपन्नास. मग खोकला आला. मग म्हटलं, विषय. आणि दिवा विझला.

बावीस मिनिटं बाकावर बसलो. विजयाबाईंनी पाणी दिलं. घेतलं नाही.

मग तिचा आवाज आला. खरखर होती, पण तिचाच. मागे शेळी ओरडत होती. म्हणाली, तुमचं नाव ठाऊक आहे हो मला. मी बरी आहे. थंडी फार आहे. त्या कागदावर हरकत म्हणून तुम्ही काहीही लिहिलं असतं तरी मी राहिले असते. बरं, ते राहू दे. पुढचं सांगा की, विषय म्हणालात ना.

आणि ती थांबली. तिला सांगितलं असणारच की मध्ये अकरा मिनिटं आहेत, माझी पाळी संपलीये. तरी ती थांबली, मी बोलेन म्हणून. खरखर ऐकू येत होती आणि तिचा श्वास. उरलेलं सगळं मिनिट तसंच गेलं.

दिवा विझल्यावर मी यंत्राच्या जाळीजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, दीना, जाऊ नकोस.

विजयाबाई हळूच म्हणाल्या, साहेब, यंत्र बंद झालंय. बाहेर पुढची माणसं थांबली आहेत.