ओळीपुढची खूण

प्रिय बहीण मेंतवाब,

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द आणि हाताला अक्षर लाभत नाही, त्या पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा एका परमेश्वराचे स्मरण करून लिहितो.

पडल्यापासून आई आमच्या गावच्या दवाखान्यात खाटेवर आहे. तिला कुशीवर वळता येत नाही. तरी मी उपास मोडू नये म्हणून मलाच बजावते. तिच्या खुब्याचा एक्स-रे तुझ्या बाहिर दार शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचा होता, आणि नेमके येथील संगणकाचे इंटरनेट बंद पडले. तार जागेवर, दिवा लागलेला, आणि पडद्यावर एकच हेका: ही जोडणी माझ्या कारभारात नाही. मी जपमाळ ओढत मागे उभा होतो. यंत्रे सांभाळणारी वुबित म्हणाली, "मरिगेता, देवळातले गुरुजी असाल, पण इथे मंत्र घालू नका. आहे तेवढं बिघडलंय ते पुरे." मग पडद्याकडे पाहून पुटपुटली, "दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय."

त्या संगणकात जोडणी सांभाळणारे दोन कारभारी आहेत म्हणे. जुन्याच्या फाइलीत या जोडणीच्या नावाची एक ओळ राहून गेली होती. ती पाहून नवा आदराने दूर राहिला, की हिला धनी आहे. आणि जुना तर कधीच बंद करून ठेवलेला. मी म्हणालो, "मग पुसून टाक ना ती ओळ." "पुसायची कशाला, मरिगेता? पुढे एक खूण करायची. ओळ राहते, फक्त बोलत नाही." तिने खूण केली, नव्या कारभाऱ्याला पुन्हा जागे केले, आणि एक्स-रे गेला.

उत्तरही आले. शस्त्रक्रिया हवी, उशीर नको, संमती कोणाची? आईला तीर्थावर न्यावे हे माझे मत तुला ठाऊक. ऑपरेशन करावे हे तुझे मला ठाऊक. म्हणून तू डॉक्टरांना सांगितलेस, "दादा म्हणेल तसं," आणि मी सांगितले, "मेंतवाबला विचारा." आपण दोघे आदराने दूर, आणि मध्ये आई कण्हते आहे.

फोनवर तू पुन्हा "दादा म्हणेल तसं" असेच म्हणाली असतीस. म्हणून हे पत्र रुग्णवाहिकेत तिच्या उशाशी ठेवले आहे. ते हाती पडेल तेव्हा आई तुझ्यासमोर असेल. सही तू कर. माझ्या ओळीपुढे मी खूण केली आहे. तीर्थाची बाटली तिच्या शालीत आहे. शुद्धीवर आली की ओठांना लाव. अक्षर सांभाळून घे.

तुझाच,
किदानेदादा

हे पत्र ज्याच्या ज्याच्या हाती पडेल, त्याच्या घरचे आजारी माणूस आपल्या पायांनी उंबरठा ओलांडो.