काचेवरचे चौदा-साठ

८ एप्रिल १९९६, सोमवार
क्लोव्हिसने आज फीत लावून आमची नोव्हा गाडी मोजली! लांबी, रुंदी, आरशांसकट! "ताई, माझ्या गॅरेजात मावते का बघतोय." माझा सख्खा धाकटा भाऊ. याचं नाक मी पुसलंय लहानपणी.

व्हर्जिल सोफ्यावर. डावा गुडघा नवा बसवून आठवडा झाला, पाय उशीवर. तोही हसला, पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खोटं हसू ओळखता येतं. गेली दोन वर्षं मेअखेरीच्या मेमोरियल डेच्या मोटारशर्यतीत क्लोव्हिसने त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवलंय. आणि या बाबाने काय करावं? चर्चच्या जेवणात सगळ्यांदेखत हात मिळवला — तिसऱ्यांदा हरलो तर गाडी तुझी!

एरवी सत्तरीचा आहे. शनिवारी त्या धावपट्टीवर गेला की पंचविशीचा होतो. गाडी गेली तर उरेल काय? रेडिओवरचं बेसबॉल आणि गुडघा.

९ एप्रिल
ठरलं. इंजिन उतरवून जास्त ताकदीचं करते. मागचा ॲक्सलसुद्धा. व्हर्जिलला कळता कामा नये — "कारखान्यातून आली तश्शीच राहील" हे त्याचं ब्रीद. गॅरेजात उतरायला चार पायऱ्या, आणि डॉक्टरने पायऱ्या सहा आठवडे बंद केल्यात. देव तरी किती सोय करून देतो!

१३ एप्रिल
ड्वाइटच्या लेथच्या दुकानातून इंजिन उचलायला चेनपुली आणली. ड्वाइट म्हणाला, "ओपलकाकू, शिवणयंत्रं दुरुस्त करता तिथवर ठीक होतं हं."

म्हटलं, "शिवणयंत्रात सुईची वेळ चुकली तर दोरा तुटतो, इथे व्हॉल्व्हची चुकली तर व्हॉल्व्ह मोडतो. फरक वजनाचा, बाळा."

शाळा माझी आठवीपर्यंत. बाकी सगळं उघडून बघून शिकले.

दुपारी इंजिन सुटलं आणि साखळी अशी खणाणली!
आतून हाक — "ओपल! काय पडलं?"
"बरण्या!"
"फुटल्या?"
"एकसुद्धा नाही!"
हे तरी खरं बोलले.

२२ एप्रिल
ड्वाइटने सिलिंडर केसभर मोठे करून दिले. नवे पिस्टन, नवा कॅमशाफ्ट, चार तोंडांचा कार्ब्युरेटर. कॅमशाफ्ट मुद्दाम जरा शांत स्वभावाचा घेतला. फार तापट घेतला की गाडी उभ्या उभ्या खोकते, आणि व्हर्जिलचे कान अजून शाबूत आहेत. नव्या भागांना जुनाच मळका नारिंगी रंग दिला, वर ग्रीसचा हात फिरवला. मांजरीने डोळे मिटून दूध प्यावं तसं चाललंय माझं.

२३ एप्रिल
हाताला वास कसला येतो म्हणाला. बीटचं लोणचं घालतेय म्हटलं. एप्रिलात! पुरुषमाणूस. पटलं.

३० एप्रिल
नवं इंजिन झिजक्या ॲक्सलवर बसवायचं म्हणजे बैल दांडगा आणि जू पोकळ! पहिल्याच हिसक्याला दांडा तुटून बाहेर. म्हणून मागचं सगळं नवं — जाड दांडे, दोन्ही चाकांना एकदम ओढणारं डिफरेन्शियल, आणि सुटतानाच उसळी मारेल अशी क्राउन-पिनियनची दातेरी चाकं.

ते बसवणं मात्र नाजूक काम. दात्यांवर पिवळा लेप लावून फिरवायचे, एकाचा ठसा दुसऱ्यावर बरोबर मधोमध उमटला पाहिजे. ऐन वेळी लेप संपला. क्लोव्हिसच्या बायकोने नाताळात दिलेली लिपस्टिक होती, ती लावली. कागदासारख्या पातळ चकत्या घाल, काढ, परत घाल. चौथ्या खेपेला ठसा मधोमध! माझ्या तोंडाला कधी शोभली नाही, तिथे काय खुलली!

१४ मे, मंगळवार
चर्चची गाडी व्हर्जिलला व्यायामाला घेऊन गेली. मी नोव्हा सुरू केली. पहिल्या झटक्यात! रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणली, त्याहून पुढे नाही. हसू काही केल्या तोंडावरून जाईना. त्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, लोणचं छान झालंय.

१९ मे
अगं बाई! काचेवरचा आकडा!!

२० मे
काल बश्या पुसताना डोक्यात आलं आणि हातातली बशी खाली. ही खरोखरच फुटली.

आमच्या शर्यतीत नुसतं पुढे पळून भागत नाही. पाव मैल किती सेकंदांत जाणार, ते ज्याने त्याने बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने आपल्या काचेवर लिहायचं. हळू गाडीला त्या फरकाइतकं आधी सोडतात. आणि लिहिल्याहून वेगात गेलात, तर बाद! व्हर्जिल चोवीस वर्षं लिहितोय चौदा-साठ, म्हणजे १४.६० सेकंद. ही आता तेराच्या आत जाईल. म्हणजे तो वेगाने जाऊन हरणार — आणि हरवणार कोण? मी! चोवीस वर्षं ती पॉलिशची बाटली मीच हातात धरून उभी असते. पण इंजिन उघडलं आणि अशी रमले की साधी गोष्ट सुचू नये? आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

सांगून टाकते उद्या.

२१ मे
सांगणारच होते. तेवढ्यात वॉकर न घेता स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला धरून दोन पावलं नाचला! "बघ, या वेळी क्लोव्हिसला दाखवतो. आहे त्याच गाडीने!" मी वॉकर आणून दिला.

सरावाच्या फेरीत आपोआप कळेल त्याला. तेव्हा आकडा बदलेल.

२५ मे, शनिवार
सरावाची फेरी घेतलीच नाही! "गुडघा शर्यतीपुरता राखून ठेवतो." रांगेकडे नेताना म्हणाला, "किती गुळगुळीत चालतेय. कार्ब्युरेटर पुसलास वाटतं?" "जरासा," म्हटलं.

तो क्लोव्हिसशी बोलत होता तोवर मी पटकन काचेवर लिहिलं — बारा-नव्वद. आला, बघितलं, बाहीने पुसून टाकलं. "डोकं फिरलंय का तुझं? आकडा माझा!" परत चौदा-साठ.

"व्हर्जिल, ऐक. मी इंजिन बदललंय."
"काय?" हेल्मेट घातलेलं, शेजारी आठ-आठ सिलिंडर गर्जतायत.
"इंजिन! बदललंय!"
"हो हो, मीसुद्धा!" म्हणाला आणि हात हलवून पुढे गेला. त्याला काय ऐकू गेलं ते देव जाणे.

क्लोव्हिसच्या काचेवर अकरा-सत्तर. म्हणून व्हर्जिल आधी सुटणार, हा मागून पकडणार. दिवा हिरवा झाला. नोव्हाने पुढचं नाक आभाळाकडे उचललं! चोवीस वर्षांत असं नाक तिने कधी वर केलं नव्हतं. मी कुंपणाची जाळी घट्ट धरली. क्लोव्हिसने बघितलं — म्हातारा हाती लागत नाही — आणि त्याने जीव खाऊन दाबली. शेवटच्या रेषेच्या जरा आधी नोव्हाचे ब्रेकचे लाल दिवे लागले. लागले ते लागलेच.

व्हर्जिल चौदा-एकसष्ट. क्लोव्हिस अकरा-छप्पन्न. लिहिल्याहून वेगात. बाद!!

मी त्या कुंपणापाशी कशी नाचले ते लिहीत नाही. क्लोव्हिस आला. "ताई, तुझा नवरा लबाड आहे! ब्रेकवर जिंकला! सेकंदाचा शंभरावा भाग, काय हिशेब!" व्हर्जिल नुसता हसला. गाडीतून उतरायला मात्र त्याला बराच वेळ लागला. मला वाटलं, गुडघा.

दुसऱ्या फेरीला गेला नाही. पाय दुखतोय म्हणाला.

२६ मे, रविवार
चर्चहून आल्यावर विचारलं, "ओपल, काय केलंस त्या गाडीला?"

सगळं सांगितलं. बरण्या, लोणचं, लिपस्टिक. लिपस्टिकला इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग म्हणाला,

"ब्रेक मी जिंकायला नाही दाबला. भ्यालो, ओपल. क्लोव्हिसला सांगू नकोस."

मी मटार सोलत बसले.

"गाडी राहिली. पण मी नाही आता चालवणार तिला." उठून हेल्मेट आणलं आणि माझ्या मटारांच्या पातेल्याशेजारी ठेवलं. "तू केलीस, तूच चालव."

ज्याच्यासाठी केलं तोच उतरला.

१ जून, शनिवार
चालवली. बारा-ब्याऐंशी! पाय ब्रेककडे वळलासुद्धा नाही. आणखी पाव मैल असता तर हवा होता. परत आले तर व्हर्जिल काठी टेकत धावतच पुढे आला. "कसं वाटलं गं?"

"बाप रे! जीव मुठीत धरून बसले होते," म्हटलं.

केवढा खुलला! घरी येईस्तोवर मला धीर देत होता.